ज्याचा त्याचा खिळा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यात निम्मा वाटा माझ्या रागाचा आहे आणि उरलेला निम्मा एका घंटेचा.

मी राज्य क्रीडा गौरव दालनाची सचिव. नाव ऐकून लोकांना संगमरवरी जिने वगैरे दिसायला लागतात. प्रत्यक्षात दालन म्हणजे जुन्या स्टेडियमच्या पायऱ्यांखालची एक लांबट खोली. वरच्या पायऱ्या जशा उतरतात तसं आमचं छतही उतरतं, त्यामुळे बास्केटबॉलवाल्यांना खोलीच्या एका बाजूला मान वाकवून उभं राहावं लागतं. माझं टेबल त्याच बाजूला आहे. भिंतीवर एकशे बारा फोटो. राज्यासाठी खेळून नाव काढलेली एकशे बारा माणसं.

हे फोटो सरळ रेषेत नाहीत आणि ते मी कधी सरळ केलेही नाहीत. त्याला कारण आहे. पहिला फोटो लागायचा होता त्या दिवशी सुतार आलाच नाही. पाहुणे जमलेले, हार सुकायला लागलेले. तेव्हा ज्यांचा फोटो होता ते लांब पल्ल्याचे धावपटू शेजारच्या लाकडाच्या वखारीत गेले, हातोडी मागून आणली आणि आपला खिळा आपणच ठोकला. तेव्हापासून प्रथाच पडली. दालनात येणाऱ्याने आपला खिळा स्वतः ठोकायचा. कुणाचा खाली, कुणाचा वर, एका सायकलपटूचा तर इतका वाकडा की त्यांचा फोटो कायम वळणावर असल्यासारखा दिसतो. ती हातोडी अजून माझ्या खणात आहे.

आता मंडळाचं सांगते. दालनाच्या कायद्यानुसार मंडळ पंधरा जणांचं, सगळे जुने खेळाडू नाहीतर पंच. दहा जण हजर असल्याशिवाय सभा नाही. आणि एखादी जागा रिकामी झाली तर ती मंडळानेच सभेत भरायची. खेळाडूही म्हातारे होतात हे कायदा लिहिणाऱ्यांना सुचलं नसावं. चार वर्षांपूर्वी सहावा सदस्य गेला आणि मागे नऊच उरले. दहा जण झाल्याशिवाय सभा नाही आणि सभा झाल्याशिवाय दहावा माणूस नाही. घोडं अडलं ते तिथेच.

दुसरं कुठलं मंडळ असतं तर काहीतरी वाट काढली असती. आमचे अध्यक्ष पडले हॉकीचे पंच. सगळे त्यांना पंचकाका म्हणतात. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, खिशात शिट्टी आणि तीन रंगांची कार्डं आजही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चार वाजता नऊ जण जमायचे. पंचकाका घड्याळ समोर ठेवायचे. बरोबर साडेचारला म्हणायचे, "कोरम नाही. सभा तहकूब." मग चहा, बिस्किटं आणि सहा वाजेपर्यंत पत्ते. असं सत्तेचाळीस वेळा झालं. सत्तेचाळीस वेळा मी तेच इतिवृत्त लिहिलं.

"काका, ठोसेकाकांच्या बायको दर सभेला त्यांना न्यायला येतातच. जरा लवकर येऊन खुर्चीत बसल्या तर दहा होतील," असं मी एकदा वैतागून म्हटलं. ठोसेकाका म्हणजे आमचे मुष्टियुद्धाचे सदस्य. ते बिचारे लगेच तयार झाले. पंचकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय तिथेच गिळला.

मला एवढी घाई का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रखडलेल्या प्रस्तावांत एकच नाव होतं आणि ते माझ्या आत्याचं.

आत्या हॉकीची गोलरक्षक. अकरा वर्षं राज्यासाठी उभी राहिली. मी तिच्या घरी वाढले आणि आता ती माझ्या घरी म्हातारी होतेय. गंमत अशी की तिचं नाव सुचवलं होतं खुद्द पंचकाकांनी, आणि या दोघांत सत्तेचाळीस वर्षं अबोला. अंतिम सामन्यात आत्या चेंडूवर झेपावली, तिच्यावर खेळाडूंचा ढीग झाला, आणि पंचकाकांनी चेंडू तिने अंगाखाली दाबला म्हणून पेनल्टी स्ट्रोक दिला. त्यावर गोल झाला, सामना गेला. आत्याचं म्हणणं, चेंडू बाजूला होता. काकांचं म्हणणं, खाली होता. नाव सुचवल्याचं मी घरी सांगितलं तेव्हा आत्या खुश झाली, मग म्हणाली, "त्याला म्हणावं, चेंडू बाजूला होता." मी निरोप दिला. काका म्हणाले, "त्यांना सांगा, खाली होता. पण अकरा वर्षांत त्यांच्याइतकी चांगली गोलरक्षक मी पाहिली नाही, हेही सांगा."

दुसरा भाग मी सांगितला तेव्हा आत्या बराच वेळ भाजी निवडत राहिली.

त्याच आठवड्यात तिने बाजारातून फळी आणली आणि मागच्या गॅलरीत खिळे ठोकायचा सराव सुरू केला. रोज सकाळी दहा खिळे. शेजारच्या वहिनींनी तक्रार केली तेव्हा म्हणाली, "दहाच आहेत हो, मोजा हवं तर." पहिल्या वर्षी दहातले नऊ सरळ जायचे. पण गोलरक्षकाची बोटं ती. सात वेळा मोडलेली, त्यात संधिवात. दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी चार. गेल्या हिवाळ्यात ती फळी घेऊन आत आली आणि सहज सांगावं तसं म्हणाली, "आज दोन. बाकीचे मला धरताच आले नाहीत." फळी तिने कपाटामागे ठेवून दिली.

मला रडू आलं आणि नेहमीप्रमाणे त्याचा राग झाला. त्या रागात मी क्रीडा खात्याला एकोणीस पत्रं लिहिली. एकोणिसावं पत्र कुणीतरी वाचलं असावं, कारण त्यानंतर दालनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक आलं.

विधेयक चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? मंडळ सात जणांचं, कोरम चारचा. जागा रिकामी झाली की साठ दिवसांत भरायची, मंडळाने नाही भरली तर मंत्र्यांनी. मुदत तीन वर्षं. जुन्या मंडळाने एक शेवटची सभा घ्यायची, तिला पाच जण पुरे, आणि रखडलेली नावं निकालात काढून घरी जायचं. म्हणजे आमचे नऊही जण जाणार. मी त्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ठोसेकाकांनी एकच विचारलं, "म्हणजे सोमवारचा चहा बंद?"

"चहा चालू राहील," मी म्हटलं.

"मग आपली ना नाही." नऊच्या नऊ हात वर झाले.

"हात खाली," पंचकाका म्हणाले. "कोरम नाही."

गोम होती शेवटच्या कलमात. दालनाची देखभाल आता वस्तुसंग्रहालय खात्याकडे जाणार होती. आणि त्या खात्याचा नियम असा की भिंतीला प्रशिक्षित कर्मचाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. खिळा तर दूरच. मी क्रीडा खात्यातल्या ओळखीच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, खिळ्याचं नाव काढू नका. फाईल त्यांच्याकडे अभिप्रायाला गेली तर वर्ष गेलं म्हणून समजा."

वर्ष! आत्याच्या बोटांकडे वर्ष नव्हतं. मी ठरवलं, आधी विधेयक पास होऊ दे, खिळ्याचं मागून बघू. विधिमंडळाच्या समितीपुढे आम्हाला म्हणणं मांडायला बोलावलं होतं. आदल्या सोमवारी मी सगळ्यांना बजावलं. बोलणार तिघंच : पंचकाका आणि मंडळावरच्या, रिले शर्यत धावलेल्या दोघी बहिणी. खिळ्याबद्दल कुणीही चकार शब्द काढायचा नाही.

"आणि त्यांनी विचारलं तर?" पंचकाका.

"नाही विचारणार."

"पण विचारलं तर?"

"काका, झाकली मूठ झाकलीच राहू द्या ना!" मी इतक्या जोरात म्हटलं की आमच्या बास्केटबॉलवाल्या सदस्यांचं डोकं दचकून छताला लागलं.

समितीची खोली थंड आणि मोठी होती. अर्धगोल टेबलामागे सात आमदार, मधोमध अध्यक्षबाई. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाजूला वस्तुसंग्रहालय खात्याचे अधिकारी फाईल मांडीवर घेऊन बसले होते. आत्या मागे, लोकांच्या खुर्च्यांत, हातावर हात ठेवून. बाईंनी नियम सांगितला. प्रत्येकाला तीन मिनिटं. वेळ संपली की घंटा वाजेल, मग थांबायचं.

पंचकाकांनी दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदात आटपलं. थोरली रिलेबहीण तर समोर घड्याळ दिसताच इतकी सुसाट सुटली की एका मिनिटात सगळं सांगून मोकळी, आणि कागद मागे न बघताच धाकटीच्या हातात दिला. धाकटी मात्र रमली. तिला पहिल्या स्पर्धेपासूनचं सगळं आठवलं. तीन मिनिटं झाली आणि घंटा वाजली.

ठोसेकाका उठले.

माझ्या शेजारी ते इतका वेळ डोळे मिटून बसले होते. मी त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं, कारण ते विसरतात. पण वीस वर्षं ज्या माणसाने घंटा ऐकली की कोपऱ्यातून उठून पुढे व्हायचं एवढंच केलं, त्याला घंटा म्हणजे थांबा हे कोण समजावणार? ते उभे राहिले, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालापाशी. सगळी खोली त्यांच्याकडे बघायला लागली. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की समोर कुणी नाही, आणि आता काहीतरी बोलायला हवं. त्यांनी मुठी खाली घेतल्या. डोक्यात जे एकच वाक्य मी आठवडाभर भरलं होतं तेच बाहेर आलं.

"खिळ्याबद्दल आम्ही काही बोलणार नाही," ठोसेकाका म्हणाले.

मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं तर ते आत्ताच.

"कुठला खिळा?" अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला.

ठोसेकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. ते घाबरले आणि सगळं सांगून बसले : वखार, हातोडी, वाकडा सायकलपटू, स्वतःचा खिळा त्यांनी कसा एका ठोशात, म्हणजे एका घावात बसवला. घंटा पुन्हा वाजली तेव्हा त्यांना आणखीच चेव आला. शेवटी थोरल्या रिलेबहिणीने त्यांना कोट धरून खाली बसवलं.

संग्रहालयाचे अधिकारी हळूच उठले. माणूस वाईट नव्हता. "बाई, असं करता येत नाही. नियमानुसार चित्र आमचे प्रशिक्षित कर्मचारी लावतील. सरळ लावतील."

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "सचिवबाई, तुमच्या निवेदनात या प्रथेचा उल्लेख कसा नाही?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते देव जाणे, बहुतेक विसरले असंच काहीतरी. तेवढ्यात शेजारी खुर्ची सरकली. पंचकाका उभे राहिले. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, हिरवं कार्ड काढलं आणि भर समितीत, हात पूर्ण वर करून, मला दाखवलं.

"ही पहिली ताकीद," ते म्हणाले. मग समितीकडे वळले. "त्यांनी लपवायला सांगितलं आणि आम्ही लपवलं. चूक मंडळाची आहे, आणि अध्यक्ष म्हणून माझी."

एक आमदार फिसकन हसला. मग दुसरा. अध्यक्षबाईंनी तोंडावर फाईल धरली. मी मात्र रागाने लालबुंद झाले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

हसू ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "लपवायचं कारण काय पण?"

आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? मी सांगितलं. एक नाव चार वर्षं रखडलंय. फळीवर पहिल्या वर्षी नऊ, आता दोन. बोलताना माझा आवाज फाटला, आणि तो काही रागाने फाटला नाही.

"त्या इथे आल्यात का?"

आत्या मागे उभी राहिली. बाईंनी तिला पुढे बोलावलं आणि आपल्या घरातल्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "मावशी, खरं सांगा. फोटो लागणं महत्त्वाचं, की खिळा?"

आत्याने जरा विचार केला. "मी गोलरक्षक होते. अकरा वर्षांत एकदाही गोल मारला नाही. मारायचा नव्हताच, माझं ते कामच नव्हतं. येईल ते अडवायचं, बस. माझी तक्रार नाही, फार मजेत गेली ती वर्षं. पण एकदा तरी काहीतरी आत घालावंसं वाटतं हो."

मग संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. म्हणाले, "भिंत साध्या विटांची आहे. एका खिळ्याने काही बिघडत नाही. कायद्यातच तसं लिहिलंत तर आमचा नियम आड येणार नाही." हे वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तरी चाललं असतं. त्यांनी म्हटलं, म्हणून त्या दिवसापासून आमच्या सोमवारच्या चहाला ते असतात.

अभिप्राय तिथेच झाला, वर्ष वाचलं. महिन्याभरात कायदा पास झाला. त्यात नववं कलम असं आहे : दालनात दाखल होणाऱ्या व्यक्तीने आपल्या चित्राचा खिळा स्वतः ठोकावा.

जुन्या मंडळाची शेवटची सभा पहिल्या सोमवारी भरली. चार वाजता पंचकाकांनी घड्याळ ठेवलं, माणसं मोजली आणि चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "कोरम आहे." ठोसेकाकांनी टाळ्या वाजवल्या. मग काका मला म्हणाले, "सचिवबाई, तुमच्या नात्यातल्या व्यक्तीचा विषय आहे. बाहेर जा." मी गेले. दार माझ्यामागे लागतं न लागतं तोच आतून ठोसेकाका ओरडले, "ये गं आत, झालं!"

आत्याचा दिवस पुढच्या शनिवारी ठरला. त्या सकाळी तिने कपाटामागची फळी काढली. दहा खिळे घेतले. मी गॅलरीच्या दारातून बघत होते. एकही सरळ गेला नाही. हातोडी तिला अजून पेलत होती, खांदा तोच होता. चिमटीत खिळाच राहत नव्हता.

"नाहीतर मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "कुणीतरी दुसरं..."

"कायद्यात लिहिलंय ना, स्वतः?" आत्या म्हणाली. "मग चल."

दालनात उभं राहायला जागा नव्हती. नवे सात, जुने नऊ, आत्याच्या संघातल्या तिघीजणी, समितीच्या अध्यक्षबाईसुद्धा. मी खणातून हातोडी काढून दिली. आत्याने डाव्या हाताने खिळा भिंतीला लावला. तो पडला. मी उचलून दिला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा टेकला, पण हातोडी लागताच वाकडा झाला आणि टणकन उडाला. लोक इकडे तिकडे बघायला लागले. आत्याचे कान लाल झाले होते. मला कुणालातरी ओरडायचं होतं, आणि ओरडायला कुणीच सापडत नव्हतं.

पंचकाका पुढे आले. त्यांनी खाली वाकून खिळा उचलला, चष्म्याजवळ नेऊन पाहिला, आणि आपल्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून भिंतीला टेकवला.

"काका, स्वतः म्हटलंय कायद्यात," मी कुजबुजले. मला वाटलं, एवढं झाल्यावर हेच उद्या हरकत घेतील.

"ठोकावा असं म्हटलंय," पंचकाका म्हणाले. "धरावा कुणी, ते कुठेच म्हटलेलं नाही. मी तीनदा वाचलंय." मग सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते थेट आत्याशी बोलले. "मारा, बाई."

"हात काढ," आत्या म्हणाली. "बोट फुटेल."

"नाही फुटणार."

"चेंडू बाजूला होता."

"खाली होता," पंचकाका म्हणाले आणि हात जराही हलवला नाही.

आत्याने हातोडी उचलली. "बाजूला." ठक. खिळा भिंतीत रुतला. काकांनी बोटं काढली नाहीत. "खाली," ते म्हणाले. "बाजूला!" ठक. "खाली." "बाजूला!" तिसऱ्या घावाला खिळा बसला, अगदी सरळ. एकशे बारा खिळ्यांत इतका सरळ एकही नाही. काकांनी बोटं सोडली तेव्हा ती शाबूत होती, नुसती पांढरीफटक पडली होती.

मग पंचकाका दोन पावलं मागे सरले. खिशातून शिट्टी काढली, ओठांत धरली आणि अशी लांब फुंकली की वरच्या पायऱ्यांवरची कबुतरं उडाल्याचा आवाज खाली आला. दोन्ही हात सरळ पुढे, मैदानाच्या मध्याकडे.

गोलची खूण होती ती. आत्याला ती चांगलीच माहीत होती. आयुष्यभर तिने ती फक्त आपल्याविरुद्ध झालेली पाहिली होती.

आत्या हातोडी घेऊन तशीच उभी राहिली. मग तिच्या संघातल्या त्या तिघी, दोघी काठ्या घेतलेल्या आणि एक सुनेच्या हाताला धरून आलेली, तिच्या अंगावर धावून गेल्या आणि चौघींचा ढीग झाला.